सर्पसत्र आणि सर्पगणना

श्रावण शुद्ध पंचमीस महाराष्ट्रात घरोघरी पाटावर वा भिंतीवर गंधाने आणि हळदीने नागाची आकृती रेखाटली जाते, दूध-लाह्यांचा नैवेद्य होतो आणि पुरणाची दिंडे उकडली जातात. त्या दिवशी चुलीवर तवा चढत नाही, विळी-सुरी वापरीत नाहीत, शेतात नांगर धरीत नाहीत, जमीन खणीत नाहीत. जमिनीत राहणाऱ्या एका जीवाला धक्का लागू नये म्हणून सबंध समाजाने एक दिवस आपली हत्यारे खाली ठेवावीत, ही आपल्या पूर्वजांनी घालून दिलेली शिस्त थोर आहे, यात संशय नाही.

या सणाची जी कहाणी माता-भगिनी सांगतात, तिच्यात शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ लागून नागिणीची पिले मरतात. पुढे नागीण सूड घेते, लेकीच्या भक्तीने प्रसन्न होते, आणि मेलेली माणसे उठून बसतात. कहाणी आपण दरवर्षी ऐकतो. परंतु तिच्या आरंभीच्या वाक्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. त्या शेतकऱ्याने पिले जाणूनबुजून मारली नव्हती. आपल्या शेतात वारूळ आहे, त्यात पिले आहेत, हे त्याला ठाऊकच नव्हते. दोन्ही कुळांचा जो घात झाला तो द्वेषामुळे झालेला नाही, न जाणण्यामुळे झालेला आहे.

आज आपल्या देशात माणूस आणि सर्प यांच्यामध्ये जे चालले आहे, त्याचे मूळही याच न जाणण्यात आहे. आणि ते दूर करण्यासाठी काही अभ्यासक भर पावसात, रात्रीच्या वेळी, सह्याद्रीच्या अरण्यात सरपटणाऱ्या जीवांची मोजदाद करीत असतात. त्या मोजदादीचा आपल्या जालना जिल्ह्यातील कोरडवाहू शिवाराशी आणि देवघरातील नागाच्या चित्राशी काय संबंध आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नावांच्या दोन याद्या

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सर्पसत्राची कथा येते. परीक्षित राजाला तक्षकाने दंश केला, म्हणून त्याच्या पुत्राने पृथ्वीवरील झाडून साऱ्या सर्पांची आहुती देण्याचे आरंभिले. अपराध एकाचा आणि शिक्षा सर्व जातीला, असा तो न्याय होता. जरत्कारूचा पुत्र आस्तिक यज्ञमंडपात आला आणि त्याने राजाकडून वर मागून घेऊन ते सत्र थांबविले. नागपंचमीच्या दिवशी आस्तिकाचे स्मरण करण्याची परंपरा याच कारणास्तव आहे.

या कथेत अभ्यासकाने थांबावे असे एक स्थळ आहे. सत्राची कथा रंगात येण्यापूर्वी शौनक ऋषी सूतांना सर्पांची नावे विचारतात. सूत सांगतात की सर्पांची संख्या अफाट आहे, सर्वांची नावे घेणे शक्य नाही. म्हणून मुख्य मुख्य सांगतो. मग शेष, वासुकी, ऐरावत, तक्षक, कर्कोटक, धनंजय अशी मोठी नामावळी येते. सत्र झाल्यावर पुन्हा एक नामावळी येते, ती अग्नीत जळून गेलेल्यांची, कुळवार. तेथेही सूत हेच म्हणतात की सर्व नावे घेणे शक्य नाही. पहिली यादी जिवंतांची आहे, दुसरी मृतांची आहे. कुठल्याही समाजाला सर्पांविषयी या दोहोंपैकी एक यादी करावीच लागते. पहिली वेळीच केली नाही, तर दुसरी करण्याची पाळी येते.

ही केवळ आलंकारिक भाषा नव्हे. इंग्रजी अमदानीत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा सुळसुळाट होता म्हणून सरकारने प्रत्येक मेलेल्या फुरशामागे इनाम लावले. १८६२ साली इनामाची रक्कम वाढविताच अवघ्या आठवड्याभरात एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली. त्या काळच्या दप्तरात हा आकडा नोंदला गेला. कोकणातील सर्पांची ही आरंभीच्या मोठ्या मोजण्यांपैकी एक; पण ती मोजणी मेलेल्यांची होती, आणि फुरसे कोठे राहते, केव्हा बाहेर पडते, काय खाते, याचे ज्ञान तिच्यातून कणभरही मिळाले नाही.

सुश्रुताचे वर्गीकरण

आपल्या शास्त्रात जिवंतांच्या यादीची परंपरा फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सर्पांचे ऐंशी प्रकार सांगितले आहेत : सव्वीस दर्वीकर, बावीस मंडली, दहा राजिमंत, बारा निर्विष आणि दहा वैकरंज, म्हणजे संकरज. दर्वी म्हणजे पळी. ज्याची फणा पळीसारखी पसरते तो दर्वीकर, आपला नाग. ज्याच्या अंगावर वर्तुळाकार ठिपके असतात तो मंदगती मंडली, म्हणजे घोणसासारखा सर्प. ज्याच्या अंगावर रेघा असतात तो राजिमान. त्यात मण्यारीचा समावेश करण्याकडे अभ्यासकांचा कल आहे.

यापुढे सुश्रुताने आणखी एक नोंद केली आहे. दर्वीकर दिवसा संचार करतात, मंडली रात्री, आणि राजिमंत रात्रीच्या शेवटच्या प्रहरी. आजचे वैद्यक सांगते की मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला, झोपेतच होतो. दंशाची जागा धड दिसत नाही, आग होत नाही, आणि पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात. सुश्रुताची ओळ लिहिणारा पुरुष केव्हा तरी रात्रीच्या चौथ्या प्रहरी जागा राहिला असला पाहिजे, आणि त्याने जे पाहिले ते टिपून ठेवले असले पाहिजे. निरीक्षणाशिवाय असे वाक्य सुचत नाही.

मात्र शास्त्राचा आदर करणाऱ्याने हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, दंश झालेल्या जागेच्या वर घट्ट बांधणे आणि चिरा देणे, हे जे उपाय त्या काळी सांगितले गेले, ते आज निषिद्ध मानले जातात. घट्ट आवळल्याने रक्तप्रवाह थांबून अवयव गमावण्याची वेळ येते. चिरा दिल्याने, विशेषतः घोणस किंवा फुरसे चावले असता, रक्तस्राव थांबत नाही. शास्त्र हे नव्या निरीक्षणाने शुद्ध होत जाते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती शेकडो हस्तलिखिते अक्षर अक्षर ताडून पाहून. त्यामुळे महाभारतावरील श्रद्धा कमी झाली नाही. सर्पांच्या बाबतीतही जुने पोथीतले ज्ञान प्रत्यक्ष रानातल्या पाठाशी ताडून पाहणे हेच पांडित्याचे काम आहे.

सह्याद्रीच्या पावसात

हे ताडून पाहणे आज कोठे चालते? जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. सिंधुदुर्गातील आंबोलीस सात हजारांहून अधिक पडतो. आपल्याकडे येणारे ढग आधी तेथे रिते होतात, आणि त्या पाण्यावर सदाहरित अरण्ये उभी आहेत. आंबोली घाटमाथ्यावर आहे. तिच्या पायथ्याला दोडामार्ग आणि तिलारीचा सखल प्रदेश, पलीकडे गोव्याची अभयारण्ये. तिलारीच्या खोऱ्यातील सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटरचे वन २०२० साली संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. उत्तरेस कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा मानले, त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही महाराष्ट्रातील चार स्थळे आहेत. पश्चिम घाटात जे सरपटणारे जीव आढळतात, त्यांतील निम्म्याहून अधिक जाती पृथ्वीवर अन्यत्र कोठेही नाहीत.

सर्वेक्षणाची रीत साधी, पण कष्टाची आहे. वनखात्याची परवानगी घेऊन अभ्यासक रात्री डोक्याला दिवा बांधून ओढ्याकाठाने अतिशय हळू चालतात. किती माणसांनी किती तास शोध घेतला, हे लिहून ठेवावे लागते. कारण दोन माणसांनी एका तासात पाहिलेले तीन साप आणि दहा माणसांनी रात्रभर हिंडून पाहिलेले तीन साप यांचा अर्थ एक होत नाही. जमिनीवर ठरावीक मापाचे चौरस आखून त्यांतील पाचोळा पान पान उचलून पाहतात. दगड उलथला तर तो पुन्हा होता तसाच ठेवतात, कारण त्याखालची ओल हे कोणाचे तरी घर असते. साप सापडला तर त्याची लांबी, पोटावरच्या खवल्यांची संख्या, शरीराच्या मध्यभागी खवल्यांच्या किती ओळी आहेत, शेपटीखाली किती जोड्या आहेत, हे मोजतात आणि त्याला त्याच जागी सोडून देतात. दोन साप डोळ्यांना सारखे दिसत असले तरी खवल्यांच्या गणतीत आणि आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीत वेगळे निघतात.

नव्या जातीला नाव द्यायचे झाल्यास मात्र नियमानुसार नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. भाविक मनाला हे खटकेल, आणि खटकावे हेही योग्यच. परंतु ज्या जातीला नाव नाही, तिच्यासाठी कोणताही कायदा उभा राहत नाही, कोणतेही न्यायालय तिच्या बाजूने निर्णय देऊ शकत नाही. परवानगीने ठेवलेले मोजके नमुने आणि एका रस्त्यासाठी वा खाणीसाठी नाहीसा होणारा सबंध डोंगरउतार, या दोहोंची तुलना करूनच या आक्षेपाचा विचार केला पाहिजे.

या मेहनतीची फळे अलीकडच्या काळात मोठी आहेत. ऑलिव्ह रंगाचा एक रानसाप १८६३ सालापासून एकाच जातीचा समजला जात होता. २०१७ साली वरद गिरी, अशोक कॅप्टन आदी अभ्यासकांनी त्यातून पाण्यात राहणारी एक निराळी जात वेगळी काढली. त्याआधी २०१६ साली दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकातील एका काळ्या खापरखवल्याला कात्रजच्या सर्पोद्यानाचे संस्थापक नीलिमकुमार खैरे यांचे नाव देण्यात आले. हा साप आयुष्याचा बहुतेक भाग मातीखाली काढतो. पावसात माती भिजून भुसभुशीत झाली म्हणजे क्वचित वर येतो. २०१९ साली कोयनेच्या परिसरातून मांजऱ्या सापाची नवी जात जाहीर झाली. ती प्रथम ज्यांच्या दृष्टीस पडली, त्या तेजस ठाकरे यांचे नाव तिला मिळाले. हा साप ओढ्यावरच्या झाडांत राहतो आणि बेडकांची अंडी खातो. २०२० साली उत्तर सह्याद्रीतला हरणटोळ ही स्वतंत्र जात ठरली. आणि पंख्यासारखा गळा फुलविणाऱ्या दख्खनी सरड्यांच्या एका कुळाला २०१६ साली शास्त्रज्ञांनी जे नाव दिले, ते आपला मराठी शब्द ‘सरडा’ यावरूनच घेतलेले आहे.

वाचकांनी विचार करावा : ज्या सह्याद्रीत शिवछत्रपतींच्या काळापासून माणसांचा वावर आहे, तेथे एकविसाव्या शतकात नवे साप सापडतात. ते नवे जन्मलेले नाहीत. लक्षावधी वर्षे ते तेथेच होते. आपणच त्यांना आजवर ओळखीत नव्हतो.

अरण्य उभे, पण आत कोण उरले?

एकदा मोजून भागत नाही. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात ला सेल्व्हा नावाचे सखल प्रदेशातील पर्जन्यवन आहे. ते संरक्षित आहे; तेथे झाड तुटत नाही, शिकार होत नाही. तेथे १९७० पासून पाचोळ्यातील बेडूक आणि सरडे मोजण्याचा क्रम होता. २००७ साली त्या साऱ्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा दिसले की पस्तीस वर्षांत त्यांची संख्या सुमारे पंचाहत्तर टक्क्यांनी घटली आहे. वृक्ष जसेच्या तसे उभे, आणि पायाखालचे जीव तीन चतुर्थांश नाहीसे. हवामान बदलल्यामुळे जमिनीवर साठणारा पाचोळा कमी झाला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पस्तीस वर्षांच्या वह्या नसत्या, तर बाहेरून पाहणारा प्रत्येक जण अरण्य सुरक्षित आहे असेच म्हणाला असता.

आपल्याकडचे एक उदाहरण साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचे. तेथे वीजनिर्मितीसाठी पवनचक्क्या उभ्या आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी झाले आणि त्यामुळे निळ्या गळ्याचे सरडे वाढले. परंतु ते सरडे अंगाने कृश होते. पवनचक्कीला धूर नाही, म्हणून ती निर्दोष, असे आपण समजत होतो. पठारावरचे नाते कोठे ढळले, ते सरडा मोजल्याशिवाय कळले नसते.

तळकोकणात धोका अधिक उघड आहे. दोडामार्गच्या परिसरात सदाहरित रान तोडून रबर आणि अननसाच्या लागवडी झाल्या. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीस मनाई केली. असे निर्णय भावनेवर उभे राहत नाहीत. या वनात कोणते जीव आहेत आणि ते दुसरीकडे आहेत की नाहीत, हे कोणीतरी कागदावर आणून ठेवलेले असावे लागते.

आपल्या शिवारात

कोणी म्हणेल, हे सारे घाटमाथ्याचे आणि कोकणाचे. कापूस, सोयाबीन आणि मोसंबीच्या जालन्यास त्याचे काय? याचे उत्तर प्राणाशी संबंधित आहे.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मरण पावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने दिला. यांतील बहुसंख्य मृत्यू खेड्यांत, घरी, आणि निम्मे पावसाळ्याच्या चार महिन्यांत झाले. चारांपैकी सुमारे एक मृत्यू पंधरा वर्षांखालील मुलांचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला उपेक्षित आजारांच्या यादीत घेतले; भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सर्पदंशाची प्रत्येक घटना सरकारला कळविण्यासंबंधी राज्यांना लिहिले. या सर्व योजनांचा पाया एकच आहे : नोंद.

आपल्या देशात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. माणसाला धोका असलेल्या त्यांपैकी थोड्या, आणि बहुतेक मृत्यूंना कारण होणाऱ्या अवघ्या चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मराठवाड्याच्या शिवारात हे चारही आहेत. त्यांच्या जोडीला धामण, दिवड, कवड्या, तस्कर, कुकरी, गवत्या, मांडूळ, डुरक्या घोणस आणि गांडुळासारखा दिसणारा वाळा. हे सारे माणसाला निरुपद्रवी. धामण शेतातील उंदीर खाते. कवड्या घरातल्या पाली खातो, पण त्याच्या अंगावरचे पट्टे पाहून मण्यार समजून मारला जातो. मांडुळाला ‘दुतोंडी’ म्हणून गुप्तधनाच्या आशेने विकले जाते. डुरक्या घोणसाला घोणस समजून ठेचतात. आणि याहून भयंकर म्हणजे, खऱ्या घोणसाच्या पिलाला डुरक्या समजून हातात धरतात.

नागपंचमीच्या सुमारास कीर्तन झाले की श्रोते हटकून विचारतात, “बुवा, साप डूख धरतो का हो?” आणि दुसरा प्रश्न असतो, “मंत्राने विष उतरते, ते कसे?” पहिल्याचे उत्तर असे की सापाच्या मेंदूत माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड उगविण्याची सोयच नाही. दुसऱ्याचे उत्तर वरच्या यादीतच आहे. चावणाऱ्या सापांत बिनविषारी बरेच असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. अशा रुग्णाचे विष ‘उतरले’ असे वाटते, कारण ते चढलेलेच नव्हते. ज्याला खरोखर नाग वा मण्यार चावली आहे, त्याचा तास दीड तास मंदिराच्या पारावर गेला, तर तो परत येत नाही. देव त्याच्यावर रागावलेला नसतो. त्याला दवाखान्यात नेणारा उशिरा निघालेला असतो. जुन्या कथांतली भक्ती आम्ही गातो, गात राहू; पण आस्तिकाचे नाव घेऊन गाडी लवकर जोडावी, गाडी जोडण्याऐवजी नाव घेत बसू नये.

दंश झाल्यास रुग्णाला निजवून स्थिर ठेवावे, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, हातापायाला काठीचा आधार देऊन हालचाल थांबवावी आणि थेट रुग्णालय गाठावे. दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, चोखू नये, साप पकडण्यात वेळ घालवू नये. पावसाळ्यात जमिनीवर न निजता खाटेवर, मच्छरदाणीच्या कडा नीट खोचून निजावे. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि पायात जोडा असावा.

रुग्णालयात जी प्रतिसर्पविष लस मिळते, ती या चार जातींच्या विषाची अल्प मात्रा घोड्यांना टोचून, त्यांच्या रक्तापासून तयार होते. विष काढण्याचे मोठे काम तामिळनाडूतील इरुला आदिवासींची सहकारी संस्था १९७८ पासून करीत आली आहे. पण एकाच जातीच्या नागाचे विष प्रदेशपरत्वे बदलते, असे बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासातून दिसून आले. आणि सह्याद्रीतील चापड्यासारख्या सर्पांचे विष तर त्या चारांत नाहीच. कोणत्या मुलखात कोणता साप आहे, याची मोजदाद अरण्यातल्या हौशी मंडळींचा छंद नव्हे. लसीच्या बाटलीत काय असावे, हे शेवटी तिच्यावरून ठरायचे आहे.

या बाबतीत जालना जिल्ह्याला अभिमान वाटावा असे एक नाव आहे. भोकरदन तालुक्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडकडे वैद्यकीय सेवेस गेले. विंचवाच्या दंशाने माणसे पटापट मरत असत. उपाय नाही असे सर्व जण समजून चालले होते. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद केली. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगद्विख्यात नियतकालिकात त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले, आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाने हे मृत्यू अगदी थोड्यावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यापाशी मोठी यंत्रे नव्हती. पाहावे आणि जे पाहिले ते लिहून ठेवावे, एवढ्याच साधनावर त्यांनी काम केले.

उत्सव आणि कायदा

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सर्वांना ठाऊक आहे. मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या गृहिणीला गोरक्षनाथांनी जिवंत नागाचे दर्शन घडविले, अशी तेथील श्रद्धा. पुढे जिवंत नाग पकडून मिरविणे, स्पर्धा लावणे हे प्रकार वाढले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीवाचून साप पकडणे हा गुन्हा आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने हे प्रकार थांबले. २०२२ च्या सुधारणेने नाग, घोणस आणि धामण यांना कायद्याच्या पहिल्या, सर्वांत कडक अनुसूचीत स्थान मिळाले, आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. २०२५ च्या पंचमीस केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तेथील मोजक्या मंडळींना केवळ पारंपरिक ज्ञान पुढील पिढीस देण्यापुरती, स्पर्धा आणि प्रदर्शन टाळून, नाग हाताळण्याची परवानगी दिली.

या निर्णयावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. एका बाजूस वाटते की परंपरेवर घाला आला, दुसऱ्या बाजूस वाटते की दार पुन्हा किलकिले झाले. आमचे मत असे की परंपरा आणि ज्ञान यांचा जो सांधा त्या परवानगीत शब्दांनी मांडला आहे, तो खरोखर साधला तर स्वागतार्ह आहे. नाग घेऊन मुलांना त्याची फणा, त्याचे भक्ष्य, त्याचे स्थान समजावून सांगितले गेले तर ते अध्ययन होय. टोपलीतल्या नागाला दात काढून, तहानलेला ठेवून, मग दूध पाजणे ही मात्र कोणत्याही शास्त्राने सांगितलेली पूजा नाही. साप दूध पचवू शकत नाही. तहानेने व्याकूळ झालेला जीव पुढ्यात येईल ते पितो आणि पुढे बहुधा मरतो. दूध-लाह्यांचा नैवेद्य चित्रातील नागाला दाखवावा, आणि प्रसाद घरातल्या लेकरांनी घ्यावा.

नोंदवहीचे एक पान

मग आपल्या गावाने काय करावे? जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी, असा नियम आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घालून दिल्यावर गावोगावी या वह्या तयार झाल्या. परंतु मुदत गाठण्यासाठी भरलेली वही आणि वर्षानुवर्षे भरत नेलेली वही यांत फरक राहतोच. आपल्या गावची वही कोठे आहे, तिच्यात सापांचे पान आहे काय, त्यात घोणस आणि डुरक्या घोणस वेगळे लिहिले आहेत काय, हे एकदा पाहून घ्यावे.

पूर्णा, दुधना आणि कुंडलिकेच्या खोऱ्यात, तसेच उत्तरेकडील अजिंठ्याच्या डोंगररांगांत गुराख्यांना, सालगड्यांना, मोसंबीच्या बागेत पाणी देणाऱ्यांना सापांविषयी जे ठाऊक आहे, ते फार मोलाचे आहे. मात्र ते कोठे लिहिलेले नाही. शाळेतील मुलांनी वर्षभर, हात न लावता, दुरून पाहिलेल्या प्रत्येक सापाची तारीख, जागा आणि वेळ लिहावी. शक्य तर दुरूनच छायाचित्र घ्यावे. सापाला हलवायचेच झाले तर वनखात्याला कळवून अधिकृत सर्पमित्राला बोलवावे. आरोग्य केंद्रातील परिचारिकेने दंशाची वेळ आणि जागा त्याच वहीत नोंदवावी. पाच-सात वर्षांत कोणत्या महिन्यात, कोणत्या शिवारात, कोणत्या प्रहरी धोका आहे, याचे चित्र आपोआप उमटेल. सुश्रुताने हेच केले होते.

आणि नागपंचमीच्या दिवशी, वारुळाची पूजा करून झाल्यावर, ते पान सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. नैमिषारण्यात सूतांनी शौनकांना सर्पांची नावे सांगितली, त्याच रीतीने आपल्या गावच्या सर्पांची नावे आपल्या मुलांना ऐकू जावीत : नाग, मण्यार, घोणस, फुरसे, धामण, दिवड, कवड्या, तस्कर, वाळा. यादी पुरी होणार नाही, हे सूतांनीही सांगून ठेवले आहे. दरवर्षी तिच्यात एखाद्या नावाची भर पडली, आणि दंशाच्या पानावर एखादे नाव कमी झाले, तर आस्तिकाला दिलेला शब्द आपल्या गावाने पाळला, असे म्हणता येईल.